रक्त पातळ करणाऱ्या औषधाचा परिणाम उलटवताना: कामांचा क्रम, मात्रा आणि नेहमी होणाऱ्या चुका

रक्तस्राव होत असलेला रुग्ण दाखल होतो, नातेवाईक 'रक्त पातळ करायची गोळी चालू आहे' एवढेच सांगतात, आणि पुढच्या पाच मिनिटांत कोणीतरी व्हिटॅमिन केचे इंजेक्शन भरून तयार ठेवते. गोळी वॉरफरिनची असेल तर ते योग्यच आहे, पण ती अपिक्साबॅनची असेल तर त्या इंजेक्शनाचा काडीचाही उपयोग होत नाही आणि हाताशी असलेली मोलाची मिनिटे मात्र निघून जातात. उतारा, म्हणजे परिणाम उलटवणारे औषध, देण्यातल्या बहुतेक चुका मात्रेच्या नसून क्रमाच्या असतात, असे मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. निवासी डॉक्टर, परिचारिका आणि रुग्णालयातील औषधनिर्माते यांच्यासाठी तो क्रम येथे सविस्तर मांडला आहे. येथे दिलेल्या मात्रा प्रौढ रुग्णांसाठी आहेत. आपल्या रुग्णालयाची लेखी कार्यपद्धती असेल तर तीच प्रमाण मानावी, आणि अंतिम निर्णय ज्येष्ठ डॉक्टरांना विचारूनच घ्यावा.

## टप्पा 1: औषध कोणते, शेवटची मात्रा कधी, आणि मूत्रपिंडे कशी आहेत

'रक्त पातळ करणारी गोळी' या चार शब्दांत चार वेगवेगळी कुळे लपलेली असतात. पहिले कुळ वॉरफरिन आणि असेनोकुमॅरॉल यांचे आहे. ही औषधे व्हिटॅमिन केवर अवलंबून असलेले रक्त गोठवणारे घटक यकृतात तयार होऊ देत नाहीत. दुसऱ्या कुळात हेपॅरिन आणि त्याची एनॉक्सापॅरिनसारखी हलकी रूपे येतात. तिसऱ्यात थेट काम करणाऱ्या नव्या गोळ्या येतात, म्हणजे डॅबिगॅट्रॅन एका बाजूला आणि रिव्हरॉक्साबॅन, अपिक्साबॅन, एडॉक्साबॅन दुसऱ्या बाजूला. चौथे कुळ ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल यांचे. ही औषधे प्लेटलेटवर, म्हणजे जखमेला चिकटून रक्त थांबवणाऱ्या रक्तकणांवर, काम करतात, त्यामुळे त्यांचा हिशेबच निराळा आहे.

म्हणून नाव तोंडी ऐकून पुढे जाऊ नये. औषधांची पिशवी मागवावी, ती टेबलावर उलटी करावी आणि प्रत्येक पट्टीवरचे नाव स्वतः वाचावे. एका रात्री एका वृद्ध रुग्णाच्या मुलाने 'वॉरफरिन' असे ठामपणे सांगितले होते आणि आयएनआर (रक्त गोठायला किती उशीर लागतो ते दाखवणारा आकडा) 1.6 आल्यामुळे सगळेच निर्धास्त झाले होते. पिशवी उलटी केल्यावर वॉरफरिनची अर्धी राहिलेली, कडा मळलेली जुनी पट्टी निघालीच, पण तिच्याखाली रिव्हरॉक्साबॅनची नवी पट्टीही होती आणि तिच्यातल्या सहा गोळ्या संपलेल्या होत्या. औषध आठवड्यापूर्वीच बदलले होते. नाव मुलाने सांगितले होते, गोळ्या मात्र सून देत असे. तेव्हापासून मी 'कोणती गोळी' हा प्रश्न नेहमी गोळ्या हातात देणाऱ्या माणसालाच विचारतो.

नाव कळल्यावर पुढील पाच गोष्टी केसपेपरवर लिहून काढाव्यात:

1. शेवटची मात्रा किती आणि किती वाजता घेतली. 'सकाळी' असे न लिहिता घड्याळातली वेळ लिहावी. अपिक्साबॅनचे अर्धायुष्य (औषध रक्तात निम्मे उरायला लागणारा वेळ) साधारण 12 तासांचे, तर डॅबिगॅट्रॅनचे मूत्रपिंडे चांगली असताना 12 ते 17 तासांचे असते. तेव्हा दोन तासांपूर्वीची गोळी आणि तीस तासांपूर्वीची गोळी यांत जमीनअस्मानाचा फरक पडतो.
2. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांचे काम दाखवणारी रक्ततपासणी. डॅबिगॅट्रॅन सुमारे 80 टक्के मूत्रपिंडांवाटे बाहेर पडते, त्यामुळे मूत्रपिंडे थकलेल्या रुग्णात ते दोन-तीन दिवसही रेंगाळू शकते.
3. औषध कशासाठी सुरू केले होते. कृत्रिम झडप आहे, गेल्या तीन महिन्यांत पायात किंवा फुफ्फुसात गुठळी झाली होती, की हृदयाचे ठोके अनियमित आहेत? उताऱ्यामुळे गुठळी होण्याचा धोका या उत्तरावर ठरतो.
4. वजन, शक्यतो प्रत्यक्ष मोजलेले.
5. हेपॅरिनमुळे पूर्वी प्लेटलेट घसरल्या होत्या का, माशांची ॲलर्जी आहे का आणि एनपीएच इन्शुलिन चालू आहे का. हे तीन प्रश्न गैरलागू वाटतात, पण पुढे उतारा निवडताना तेच आडवे येतात.

याच वेळी रक्ताचे नमुने पाठवावेत: पीटी-आयएनआर, एपीटीटी (रक्त गोठण्याचा वेळ, हेपॅरिनचा परिणाम पाहायला), शक्य असल्यास थ्रोम्बिन टाइम (डॅबिगॅट्रॅन शोधायला) आणि अँटी-टेन-ए पातळी (हेपॅरिन आणि अपिक्साबॅनसारख्या गोळ्यांसाठी), फायब्रिनोजेन (गुठळीचे धागे बनवणारे प्रथिन), हिमोग्लोबिन, प्लेटलेट, क्रिएटिनिन, रक्तगट आणि क्रॉसमॅच.

सावधान: आयएनआर नॉर्मल आला म्हणून अपिक्साबॅन अंगात नाही असा निष्कर्ष काढू नये, कारण ही तपासणी त्या औषधाला फारशी दाद देत नाही. याउलट थ्रोम्बिन टाइम नॉर्मल असेल तर डॅबिगॅट्रॅनचा दखल घेण्याजोगा अंश रक्तात उरलेला नाही असे खात्रीने म्हणता येते. जीवघेण्या रक्तस्रावात मात्र कोणत्याही अहवालाची वाट पाहत थांबू नये.

## टप्पा 2: उतारा खरोखर हवा आहे का

उतारा दिल्याने रक्त पुन्हा गोठू लागते. ज्या गुठळीच्या भीतीने औषध सुरू केले होते तिची वाटही त्यातून मोकळी होते. म्हणून रक्तस्रावाची प्रतवारी आधी करावी. पुढीलपैकी एक जरी गोष्ट असेल तर रक्तस्राव मोठा समजावा: तो मेंदू, पाठीचा कणा, डोळा, हृदयावरण, श्वासमार्ग किंवा पोटामागची जागा अशा नाजूक ठिकाणी आहे, रक्तदाब कोसळला आहे किंवा नाडी धावते आहे, अथवा हिमोग्लोबिन 2 ग्रॅम वा अधिक घसरले आहे किंवा रक्ताच्या दोन वा अधिक पिशव्या द्याव्या लागत आहेत.

नाजूक जागेतील किंवा जीवघेण्या रक्तस्रावात पूर्ण उतारा द्यावा. रक्तस्राव मोठा असूनही रुग्ण स्थिर असेल, तर औषध थांबवून आधारभूत उपचार करावेत. वॉरफरिन असल्यास त्यासोबत व्हिटॅमिन के देण्याचा विचार करावा. नाकातून किंवा हिरड्यांतून येणाऱ्या किरकोळ रक्तासाठी दाब, पॅकिंग आणि फार तर एखादी मात्रा चुकवणे पुरेसे असते.

सर्वांत जास्त चूक होते ती रक्तस्राव नसताना आयएनआर वाढलेला दिसल्यावर. आकडा 7 आला की हात आपोआप व्हिटॅमिन केकडे जातो. परंतु रक्तस्राव नसेल आणि आयएनआर 4.5 ते 10 च्या दरम्यान असेल, तर व्हिटॅमिन के सरसकट देण्याची शिफारस नाही. वॉरफरिन थांबवावे, आकडा का वाढला ते शोधावे आणि तपासणी पुन्हा करावी. कारण बहुधा नवे प्रतिजैविक, जुलाब किंवा घटलेला आहार यांपैकी एखादे निघते. आयएनआर 10 च्या वर गेला असेल तर 2.5 ते 5 मिलिग्रॅम व्हिटॅमिन के तोंडाने द्यावे. अशा वेळी शिरेतून 10 मिलिग्रॅम देऊन टाकले की पुढचा आठवडाभर वॉरफरिन नीट लागू पडत नाही, आणि कृत्रिम झडप असलेल्या माणसाने तो आठवडा कसा काढायचा हे औषध लिहिणाऱ्याने आधी स्वतःला विचारावे.

## टप्पा 3: उतारा येईपर्यंतची कामे

ही कामे उताऱ्याच्या बरोबरीने चालतात आणि अनेकदा त्याच्याहून जास्त परिणाम करतात.

रक्त पातळ करणारे औषध ड्रगचार्टवर आडवी रेघ मारून, वेळ आणि सही घालून बंद करावे. हे सांगायची गरज पडू नये, पण तोंडी 'थांबवा' म्हटलेले एनॉक्सापॅरिन रात्री नऊच्या फेरीत पुन्हा दिले गेल्याचे मी पाहिले आहे, कारण चार्टवर ते तसेच उभे होते आणि रात्रपाळीच्या परिचारिकेला कोणी काही सांगितले नव्हते. ॲस्पिरिन आणि वेदनाशामक गोळ्यांचाही त्याच वेळी विचार करावा.

दोन जाड सुया लावाव्यात. दिसणाऱ्या जागेवर थेट दाब द्यावा. एंडोस्कोपी, शस्त्रक्रिया किंवा रक्तवाहिनी बंद करणारा विभाग यांना आत्ताच कळवावे. उतारा रक्त गोठायला मदत करतो, फाटलेली वाहिनी शिवत नाही. रुग्णाला उबदार ठेवावे, आयोनाइज्ड कॅल्शियम आणि आम्लता सुधारावी. थंड पडलेल्या, आम्लता वाढलेल्या शरीरात महागातला महाग उताराही फिका पडतो. मोठ्या रक्तस्रावात प्लेटलेट 50,000 च्या वर ठेवाव्यात.

नव्या गोळ्यांपैकी एखादी गेल्या दोन ते चार तासांत घेतली असेल, रुग्ण शुद्धीत असेल आणि श्वासमार्ग सुरक्षित असेल, तर ॲक्टिव्हेटेड चारकोल (पोटातले औषध धरून ठेवणारा कोळसा) देता येतो. लगेच एंडोस्कोपी करायची असेल तर तो टाळावा, कारण काळ्या द्रवात आतले काही दिसत नाही. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड (झालेली गुठळी विरघळू न देणारे औषध) सवयीने लिहू नये. पोटातल्या रक्तस्रावासाठी 2020 साली प्रसिद्ध झालेल्या हॉल्ट-आयटी या मोठ्या चाचणीत त्याने मृत्यू कमी झाले नाहीत, शिरांतील गुठळ्या मात्र वाढल्या.

पडताळणी: औषधाचे नाव, शेवटच्या मात्रेची वेळ, वजन, क्रिएटिनिन, औषध सुरू करण्याचे कारण आणि रक्तस्रावाची प्रत या सहा गोष्टी केसपेपरवर लिहिलेल्या आहेत का? एखादी राहिली असेल तर ती कुपी फोडण्यापूर्वी भरावी.

## टप्पा 4: औषधानुसार उतारा

### 4.1 वॉरफरिन आणि असेनोकुमॅरॉल

येथे दोन औषधे जोडीने द्यावी लागतात, आणि ही जोडी तोडणे ही या विषयातली सर्वांत महागात पडणारी चूक आहे. प्रोथ्रोम्बिन कॉम्प्लेक्स, म्हणजे पीसीसी, गोठवणारे तयार घटक काही मिनिटांत पुरवते. परंतु त्यातला सातवा घटक जेमतेम सहा तासांच्या अर्धायुष्याचा असतो, त्यामुळे संध्याकाळी सुधारलेला आयएनआर दुसऱ्या सकाळी पुन्हा चढलेला दिसू शकतो. व्हिटॅमिन के यकृताला नवे घटक बनवू देते. पण शिरेतून दिले तरी परिणाम दिसू लागायला चार ते सहा तास आणि पूर्ण परिणामाला 12 ते 24 तास लागतात. एक औषध आत्ताचा वेळ भरून काढते, दुसरे उद्याचा. त्यामुळे दोन्ही एकाच वेळी सुरू करावी लागतात.

व्हिटॅमिन के 5 ते 10 मिलिग्रॅम, 50 मिलिलिटर सलाइन किंवा डेक्स्ट्रोजमध्ये मिसळून, 20 ते 30 मिनिटांत शिरेतून सोडावे. ते झटकन ढकलू नये, कारण ॲलर्जीसारखी तीव्र प्रतिक्रिया येऊ शकते. स्नायूत दिल्यास तिथेच रक्त साकळते, आणि त्वचेखाली दिलेले किती शोषले जाईल याचा भरवसा नसतो.

चार घटकांच्या पीसीसीची मात्रा आयएनआर आणि वजन यांवर ठरते. आयएनआर 2 ते 4 च्या आत असेल तर किलोमागे 25 युनिट, 4 ते 6 असेल तर 35, आणि 6 च्या वर असेल तर 50. वजन 100 किलोपेक्षा जास्त असले तरी हिशेब 100 किलोचाच करावा, म्हणजे कमाल मात्रा अनुक्रमे 2500, 3500 आणि 5000 युनिट होते. उदाहरणार्थ, 60 किलोच्या रुग्णाचा आयएनआर 5 असेल तर 60 गुणिले 35, म्हणजे 2100 युनिट. काही रुग्णालये ठरीव मात्रा वापरतात: मोठ्या रक्तस्रावात 1000 आणि मेंदूतील रक्तस्रावात 1500 युनिट. जी पद्धत आपल्या येथे लेखी आहे ती पाळावी, दोन्हींची सरमिसळ करू नये.

कुपी तयार करताना तीन गोष्टी पाहाव्यात. लेबलवर चार घटक लिहिले आहेत की तीन, हे आधी वाचावे, कारण तीन घटकांच्या औषधात सातवा घटक फारच थोडा असतो. प्रत्येक कुपीतील प्रत्यक्ष युनिट छापील गोल आकड्याहून थोडे कमी-जास्त असतात, म्हणून बेरीज लेबलवरच्या आकड्यांची करावी. आणि भुकटीत द्रव गेल्यावर कुपी तळहातांमध्ये हळूहळू गोल फिरवावी. घाईत ती खुळखुळवली की वर पांढरा फेस धरतो आणि तो बसेपर्यंत औषध ओढता येत नाही. शिरेतून सोडण्याचा वेग प्रत्येक उत्पादनात वेगळा असल्याने तो सोबतच्या पत्रकावरूनच ठरवावा.

सावधान: अनेक पीसीसी उत्पादनांत हेपॅरिन असते. हेपॅरिनमुळे प्लेटलेट घसरण्याचा इतिहास असेल तर ती देऊ नयेत.

पीसीसी मिळत नसेल तर ताजा गोठवलेला प्लाझ्मा किलोमागे 10 ते 15 मिलिलिटर द्यावा. 70 किलोच्या रुग्णाला हे 700 ते 1050 मिलिलिटर होते. पिशव्या वितळवायला वेळ लागतो आणि अशक्त हृदयाला एवढा द्रव पेलत नाही, म्हणून श्वास आणि फुफ्फुसांकडे लक्ष ठेवावे.

### 4.2 हेपॅरिन आणि त्याची हलकी रूपे

साध्या हेपॅरिनचे अर्धायुष्य 60 ते 90 मिनिटांचे असते, त्यामुळे पंप बंद करणे हाच पहिला उतारा आहे. मोठ्या रक्तस्रावात प्रोटामिन द्यावे: गेल्या दोन ते तीन तासांत गेलेल्या दर 100 युनिट हेपॅरिनमागे 1 मिलिग्रॅम, एका वेळी जास्तीत जास्त 50 मिलिग्रॅम. नेहमीची चूक अशी की दिवसभराच्या हेपॅरिनची बेरीज केली जाते. तासाला 1000 युनिट चालू असेल तर शेवटच्या अडीच तासांचे 2500 युनिट होतात, म्हणजे प्रोटामिन 25 मिलिग्रॅम पुरेसे होते. जास्त दिले तर प्रोटामिन स्वतःच रक्त गोठण्यात अडथळा आणते.

ते दहा मिनिटांत, सावकाश द्यावे. वेगाने दिल्यास रक्तदाब कोसळतो आणि नाडी मंदावते. माशांची ॲलर्जी, एनपीएच इन्शुलिनचा वापर, पूर्वी मिळालेले प्रोटामिन किंवा पुरुष नसबंदी असा इतिहास असल्यास तीव्र ॲलर्जीची शक्यता वाढते, म्हणून ॲड्रिनलिन हाताशी भरून ठेवावे.

एनॉक्सापॅरिन गेल्या 8 तासांत दिले असेल तर दर 1 मिलिग्रॅममागे 1 मिलिग्रॅम प्रोटामिन द्यावे. 8 ते 12 तास झाले असतील तर त्याच्या निम्मे द्यावे, आणि त्यानंतर बहुधा गरज पडत नाही. येथे उतारा अर्धवटच लागू पडतो, हे नातेवाईकांशी बोलतानाही लक्षात असू द्यावे. फोंडापॅरिनक्स या हेपॅरिनसारख्या इंजेक्शनावर प्रोटामिन चालत नाही.

### 4.3 डॅबिगॅट्रॅन

इडारुसिझुमॅब 5 ग्रॅम, म्हणजे 2.5 ग्रॅमच्या दोन कुप्या, लागोपाठ शिरेतून द्याव्यात. वजन किंवा मूत्रपिंडांनुसार मात्रा बदलायची नसते. शिरेची नळी आधी सलाइनने धुऊन घ्यावी आणि त्याच नळीतून दुसरे औषध सोडू नये. एकच कुपी देऊन 'काय होते ते पाहू' म्हणणे ही चूक आहे, पूर्ण मात्रा दोन कुप्यांचीच असते. फ्रुक्टोज न पचण्याचा जन्मजात आजार असलेल्यांना त्यातील सॉर्बिटॉल घातक ठरू शकते. हा उतारा नसेल तर पीसीसी किलोमागे 50 युनिट देता येते, आणि मूत्रपिंडे निकामी असल्यास डायलिसिसने औषध काढता येते.

### 4.4 रिव्हरॉक्साबॅन, अपिक्साबॅन, एडॉक्साबॅन

अँडेक्सानेट हा यांच्यासाठी बनवलेला खास उतारा सर्वत्र मिळत नाही, आणि तो दिल्यानंतर गुठळ्या होण्याचा धोका व हेपॅरिन लागू न पडणे या दोन अडचणी येतात. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी चार घटकांचे पीसीसी वापरले जाते: ठरीव 2000 युनिट किंवा किलोमागे 25 ते 50 युनिट. व्हिटॅमिन के आणि प्रोटामिन दोन्ही येथे निरुपयोगी आहेत. शेवटची गोळी घेऊन दोन दिवस उलटले असतील आणि मूत्रपिंडे ठीक असतील, तर उताऱ्याऐवजी रक्तस्रावाचे दुसरे कारण शोधावे.

### 4.5 ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल

यांना खास उतारा नाही. मेंदूतील रक्तस्रावात सरसकट प्लेटलेट देऊ नयेत. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या पॅच या चाचणीत प्लेटलेट मिळालेल्या रुग्णांची स्थिती अधिक वाईट झाली होती. तातडीची मेंदूची शस्त्रक्रिया ठरली असेल तर तो निर्णय शल्यविशारदांबरोबर घ्यावा.

## टप्पा 5: पुन्हा तपासणी

उतारा दिला म्हणजे काम झाले असे धरून रुग्णाला वॉर्डात हलवले जाते आणि पुढची तपासणी सकाळच्या फेरीवर ढकलली जाते; रुग्ण बिघडतात ते नेमके या मधल्या तासांत. पीसीसीनंतर 15 ते 30 मिनिटांनी आयएनआर पाहावा, मग सहा तासांनी, मग पहिल्या 24 तासांत पुन्हा. मेंदूतील रक्तस्रावात तो 1.3 च्या खाली आणण्याचा प्रयत्न असावा. प्रोटामिननंतर 5 ते 15 मिनिटांनी एपीटीटी पाहावा आणि काही तासांनी पुन्हा, कारण हेपॅरिनचा परिणाम परत उसळू शकतो. डॅबिगॅट्रॅनमध्ये, विशेषतः मूत्रपिंडे कमकुवत असताना, 12 ते 24 तासांनी ऊतींमधले औषध रक्तात परतते; तेव्हा एपीटीटी किंवा थ्रोम्बिन टाइम पुन्हा करावा. अँडेक्सानेटनंतर नेहमीची अँटी-टेन-ए तपासणी विश्वासार्ह राहत नाही.

पडताळणी: आकडा सुधारला पण रक्त थांबले नाही, अशा वेळी पीसीसीची मात्रा पुन्हा लिहिण्याआधी फाटलेली वाहिनी, घटलेले फायब्रिनोजेन, थंडावा आणि कॅल्शियम यांकडे परत वळावे.

## टप्पा 6: गुठळीवर नजर आणि औषध पुन्हा सुरू करणे

उताऱ्यानंतरचे काही दिवस पायाची एका बाजूची सूज, नवा दम, छातीत दुखणे, बोलण्यात किंवा हालचालीत अचानक बदल यांची प्रत्येक पाळीत विचारपूस करावी. पायांना हवेचा दाब देणारी यंत्रे पहिल्या दिवसापासून लावावीत. रक्तस्राव थांबून 24 ते 48 तास झाल्यावर प्रतिबंधक मात्रेतील हेपॅरिनचा विचार करता येतो.

पूर्ण मात्रा कधी सुरू करायची याचे एकच उत्तर नाही. पचनमार्गातील रक्तस्राव थांबवल्यावर बहुधा सात दिवसांनंतर, मेंदूतील रक्तस्रावानंतर साधारण चार ते आठ आठवड्यांनी, आणि कृत्रिम झडप असेल तर याहून लवकर, हृदयरोगतज्ज्ञ आणि शल्यविशारद यांच्या एकत्रित निर्णयाने. डिस्चार्ज कार्डवर नुसते 'रक्त पातळ करणारी गोळी बंद' लिहून रुग्णाला घरी पाठवू नये. कोणते औषध बंद केले, कोणत्या तारखेला, उतारा कोणता आणि किती दिला, पुन्हा सुरू करण्याचा निर्णय कोण आणि कोणत्या तारखेला घेणार, हे त्यावर स्पष्ट लिहावे. घरात गोळ्या देणाऱ्या व्यक्तीला ते वाचून दाखवावे, आणि पिशवीतली जुनी पट्टी तिच्यासमोरच बाजूला काढून ठेवावी.